घराच्या भिंतीवर समुद्रसपाटी कशी मारायची

२०१९ च्या पुरात सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं. ते ओसरल्यावर चारी भिंतींवर एक मातकट रेघ राहिली. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी मोजायची पट्टी आहे, तिच्यावर तेव्हा ५७ फुटांच्या वर पाणी गेलं होतं. मी चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. घर धुवायच्या आधी मी लेव्हल पाईप, म्हणजे पाणी भरून पातळी बघायची पारदर्शक नळी, काढून ती रेघ तपासली. कुठल्याच कोपऱ्यात सूतभर फरक नव्हता. बायको म्हणाली, "आता हे बी मोजायचं असतंय व्हय?"

तीच रेघ यंदा उपयोगी पडली. नात नववीत आहे. तिला शाळेतून प्रकल्प मिळाला : जगातले समुद्रसपाटीखालचे प्रदेश. तिनं चार्टपेपर आणलेला होता. पण चार्टपेपरवर उणे ४४० मीटर लिहिलं काय आणि उणे ४ लिहिलं काय, डोळ्याला सारखंच. म्हटलं, पुराच्या त्या रेघेसारखं भिंतीवरच काढू.

यासाठी २५-३० फूट पारदर्शक पाईप, मेजरटेप, निळीची दोरी आणि पेन्सिल लागते. भिंत १० फूट उंचीची धरली आहे. माप एकच लक्षात ठेवा, १ इंच म्हणजे १० मीटर. इंचात ८ सूत असतात, म्हणजे १ सूत सव्वा मीटरच्या आसपास.

आधी शून्य ठरवा. मी फरशीपासून ४ फुटांवर घेतलं. नात लगेच म्हणाली, "आबा, पण खरा समुद्र तर आपल्या खाली आहे." बरोबर आहे. पण शून्य हे ठरवायचंच असतं. आयर्विन पुलाच्या पट्टीचं शून्य वेगळं आणि समुद्राचं वेगळं. म्हणून "४५ फूट झालं, धोका पातळी" हे ऐकून कोणी समुद्र आठवत नाही. समुद्र तर दिवसातून दोनदा चढतो-उतरतो. त्यामुळे बंदरांवर वर्षानुवर्षं भरती-ओहोटी मोजून सरासरी काढतात. भारतात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ९ बंदरांवरच्या मोजणीवरून हे शून्य ठरलं. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर खाली बारीक अक्षरांत उंची लिहिलेली असते, ती त्याच हिशेबानं.

आता पाईप. घाई करायची नाही, सगळं काम इथंच बिघडतं. पाणी एका टोकानं सावकाश भरा, बुडबुडा राहू देऊ नका. एक बारका बुडबुडा अर्धा इंच खोटं बोलायला लावतो. पाण्यात चिमूटभर हळद टाकली की वाचायला सोपं जातं. दोन्ही टोकं एकत्र धरून पाणी सारखं आहे का बघा, मगच एक टोक दुसऱ्या कोपऱ्यात न्या. नेताना दोन्ही तोंडांवर अंगठा. तिथं पोचल्यावर अंगठे दोघांनीही काढायचे. एकानं विसरला तर पाणी हलतच नाही आणि माणूस म्हणतो लेव्हल आली. पाईप अर्धा उन्हात, अर्धा सावलीत ठेवू नका. एका टोकाचं पाणी शून्याच्या खुणेवर आलं की दुसऱ्या टोकाच्या पाण्याशी पेन्सिलनं खूण करा. सगळ्या कोपऱ्यांत खुणा झाल्या की निळीची दोरी ताणून मारा. ही तुमची समुद्रसपाटी.

वर चढू. सांगली सुमारे ५५० मीटरवर, म्हणजे रेघेच्या ५५ इंच वर. साताऱ्याला सुमारे ७४० मीटर धरले तर ७४ इंच होतात, ते स्लॅबमध्ये दोन इंच घुसतात. आमची सून साताऱ्याची आहे, तिला हे फार आवडलं. महाबळेश्वर वरच्या मजल्यावर साधारण खांद्याइतकं येतं. एव्हरेस्टला ७४ फूट लागतील, तो सोडून द्या.

आता रेघेच्या खाली. इथं नुसते इंच पुरत नाहीत, सूत मोजावं लागतं. केरळच्या कुट्टनाडमध्ये भातशेतं समुद्राच्या पातळीखाली दोन मीटरपर्यंत आहेत. भिंतीवर दीड सूत. तिथले शेतकरी चारी बाजूंनी बांध घालून आधी पाणी उपसतात, मग पेरतात. नेदरलँड्सचा पाव भाग समुद्राखाली आहे, आणि त्यातली सगळ्यात खोल जागा उणे ६.७६ मीटर. साडेपाच सूत! आपल्या पुराचे ५७ फूट याच मापानं पावणेदोन इंच भरतात. जे साडेपाच सूत सांभाळायला एवढे बांध, पंप आणि दारं लागतात, त्याच्या अडीचपट पाणी आम्ही पुलाच्या पट्टीवर मोजलं आहे.

कॅस्पियन समुद्राचा पृष्ठभाग पावणेतीन-तीन इंच खाली. अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत बॅडवॉटर नावाची जागा उणे ८६ मीटर, ८ इंच ५ सूत. तिथंच फर्नेस क्रीकला १९१३ मध्ये ५६.७ अंश तापमान नोंदलं गेलं. इजिप्तमधली कतारा नावाची खोलगट जमीन १३ इंच ३ सूतवर. ती वाऱ्यानं कोरलेली आहे. भूमध्य समुद्रातून कालवा काढून तिच्यात पाणी सोडायचं आणि पडत्या पाण्यावर वीज करायची, असे बेत झाले. झालं काहीच नाही.

चीनमधलं तुर्फान १५ इंच ३ सूतवर, आणि बरोबर एक सूत खाली जिबूतीतलं आसाल सरोवर. आसालला मीठ, तुर्फानला बेदाणा! जावयाची तासगावजवळ बेदाण्याची शेड आहे. त्याला सांगितलं की तुर्फानला भोकाभोकांच्या मातीच्या विटांची घरं बांधून त्यात द्राक्षं वाळवतात, आणि बागांचं पाणी डोंगरातून जमिनीखालच्या बोगद्यांनी येतं. तो म्हणाला, "पाऊस नसंल ना तिथं?" नेमकं तेच. त्याची अर्धी झोप बेदाणा रॅकवर असताना आभाळ बघण्यात जाते.

मृत समुद्राचा काठ उणे ४४० मीटरच्या आसपास, ४४ इंच. फरशी फक्त चार इंच उरते, नातीला पालथं पडून खूण करावी लागली. जॉर्डन नदीचं पाणी वरच्या वर उचललं जातं, म्हणून तो वर्षाला जवळपास एक मीटर उतरतोय. आपल्या भिंतीवर वर्षाला पाऊण सूत.

अंटार्क्टिकात बर्फाखाली उणे २,५५५ मीटरचा बेंटले खंदकही आहे, पण त्यासाठी घराचा पाया खणावा लागेल.

आता "खाली असून पाणी का शिरत नाही?" याचं उत्तर भिंत देत नाही. त्याला घमेलं लागतं. घमेल्याच्या मधोमध शाडूचा बांध घाला, एका बाजूला मग्गाभर पाणी ओता. दुसरी बाजू कोरडी राहते, जरी पाण्याची पातळी तिथल्या तळापेक्षा वर असली तरी. मी आधी काळ्या मातीचा बांध घातला, तो पाझरून दहा मिनिटांत बसला. शाडूच घ्या. मग बांधाला काडीनं भोक पाडा आणि बघत राहा, भोक स्वतःच मोठं होत जातं. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री वादळात नेदरलँड्सचे बांध फुटले. १,८३६ माणसं गेली.

तिथली जमीन मुळात खोल नव्हती, हेही दाखवता येतं. कोकोपीटची वीट भिजवली की फुगते आणि वाळली की बसते. तिकडं दलदलीची, कुजलेल्या पाल्यापाचोळ्याची जमीन होती. शेतीसाठी पाणी काढलं तशी ती खचत गेली, आणि मग आणखी पाणी काढावं लागलं. काही ठिकाणी तर सरळ तळंच उपसलं : हार्लेममेर १८४९ ते १८५२ मध्ये वाफेच्या पंपांनी कोरडं केलं. त्याच्या तळावर आता स्खिपोल विमानतळ आहे.

मृत समुद्राची गोष्ट वेगळी. दोन फळ्या चिकटवून ठेवा, वर शाडूचा बोटभर थर द्या, आणि फळ्या हळूहळू बाजूला ओढा. मधला पट्टा खचतो. तिथं जमिनीचे दोन तुकडे सरकताना मधली जागा अशीच खाली गेली, आणि कोरड्या हवेत पाणी भरण्याआधी उडून जातं म्हणून ती भरत नाही.

सगळ्या खुणा ऑइलपेंटनं केल्या तरी चालतील. मृत समुद्राची मात्र पेन्सिलनंच करा आणि शेजारी तारीख घाला. पुढच्या दिवाळीला पाऊण सूत खाली नवीन खूण मारायची आहे.