गेमचे मॉड कुठून घ्यावेत? आधी परतीची वाट तपासा

मॉड (चाहत्यांनी गेममध्ये बदल करण्यासाठी बनवलेली फाइल) टाकल्यावर गेम उघडेनासा झाला की प्रत्येक जण मॉडची जुनी आवृत्ती शोधू लागतो. साइट निवडताना मात्र तिथे मॉड किती आहेत एवढंच पाहिलं जातं. माझ्या मते बिघडलं तर मागे जाता येतं का, हा पहिला निकष हवा.

१. गेम कुठून विकत घेतलाय ते पाहा. बरेचदा निवड तिथेच आटोपते. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातला मॉडचा विभाग, म्हणजे स्टीम वर्कशॉप, सहसा स्टीमवर घेतलेल्या गेमसाठीच चालतं. 'सिटीज: स्कायलाइन्स'च्या दुसऱ्या भागाचे मॉड तर वर्कशॉपवर नाहीतच, ते पॅराडॉक्स मॉड्सवर मिळतात. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये सप्टेंबर २०२४ पासून गेमच्या आतच मॉडची सोय आहे, ती मॉड.आयओ या सेवेवर चालते.

२. वर्कशॉप असेल तर त्याची सोय आणि तिची किंमत दोन्ही समजून घ्या. 'सबस्क्राइब' दाबलं की मॉड आपोआप उतरतो. नवख्यासाठी याहून सोपं काही नाही. पण अपडेटही तसंच, न विचारता येतं, आणि जुनी आवृत्ती सहसा परत मिळत नाही. पन्नास तास खेळलेली सेव्ह (जतन केलेला खेळ) अशा वेळी अडकू शकते. म्हणून मोठा खेळ सुरू करण्याआधी स्टीमच्या वर्कशॉप फोल्डरमधून मॉडची प्रत काढून ठेवा. 'रिमवर्ल्ड'सारख्या गेममध्ये ती प्रत गेमच्या 'मॉड्स' फोल्डरमध्ये टाकली तरी चालते.

३. 'स्कायरिम', 'फॉलआउट ४' खेळत असाल तर नेक्सस मॉड्स ही मॉडची साइट गाठा. खातं काढावं लागतं आणि फुकट वापरणाऱ्यांना डाउनलोडचा वेग मर्यादित मिळतो. मोठ्या टेक्स्चर (पृष्ठभागांच्या चित्रांच्या) फाइलींना तो नक्कीच जाणवतो. तरीही मी हीच साइट पसंत करते, कारण अनेक मॉडच्या पानावर जुन्या फाइली वेगळ्या ठेवलेल्या असतात. एप्रिल २०२४ मध्ये 'फॉलआउट ४'चं मोठं अपडेट आलं आणि स्क्रिप्ट एक्स्टेंडर या पूरक प्रोग्रॅमवर चालणारे ढीगभर मॉड बंद पडले. अशा वेळी गेमची कोणती आवृत्ती, तिला मॉडची कोणती फाइल, हे जुळवता येणं फार मोलाचं ठरतं.

याच साइटने २०२१ मध्ये ठरवलं, की मॉडकर्त्याला फाइल कायमची पुसता येणार नाही, ती संग्रहात जाईल. खेळणाऱ्याच्या ते सोयीचं. पण काही मॉडकर्ते चिडून निघून गेले, आणि त्यांचा राग मला रास्त वाटतो. स्वतःच्या कामावरचा हक्क त्यांनी का सोडावा?

४. 'माइनक्राफ्ट'साठी कर्सफोर्ज आणि मॉड्रिंथ या दोन्ही साइटी पाहा. कर्सफोर्ज जुनं, तिथला साठा प्रचंड. पण काही मॉडकर्ते बाहेरच्या लाँचरला (गेम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला) परवानगी देत नाहीत, मग त्या फाइली हाताने उतरवाव्या लागतात. मॉड्रिंथचा कोड खुला आहे, म्हणजे कुणालाही पाहता येतो, आणि पानं सुटसुटीत आहेत. दोन्हीकडे गेमच्या आवृत्तीनुसार फाइल निवडता येते. मॉड गेममध्ये चढवणारा प्रोग्रॅम, म्हणजे लोडर, फॅब्रिक आहे की फोर्ज, हे आधी बघा.

५. मोठं नाव पाहून गाफील राहू नका. जून २०२३ मध्ये कर्सफोर्ज आणि बकिट (माइनक्राफ्ट सर्व्हरच्या प्लगइनची साइट) यांवरची काही खाती बळकावून मॉडमध्ये 'फ्रॅक्चरायझर' नावाचा व्हायरस घुसवला गेला. ब्राउझरमधली लॉगिनची माहिती तो चोरत असे. म्हणून आज चढवलेली फाइल आजच घेऊ नका. चार दिवस थांबा, खालच्या प्रतिक्रिया वाचा. दुसऱ्याचे मॉड उचलून स्वतःच्या पानावर टाकणाऱ्या साइटी तर पूर्ण टाळा. तिथे मूळ मॉडकर्त्याचं नाव नसतं, फाइलमध्ये काय बदललंय ते कळत नाही आणि दुरुस्तीही पोचत नाही.

६. साइट ठरली की सेव्ह फोल्डरची प्रत करा आणि एकच छोटा मॉड टाका. गेम चालवा, मॉड काढा, पुन्हा चालवा. काढल्यावरही गेम नीट सुरू झाला, तरच पुढचा मॉड घ्या.