स्ट्रेंज बेडफेलोज: अर्थ लावताना या चुका टाळा

दोन हाडवैरी पक्ष एकत्र आले, की इंग्रजी बातमीत 'स्ट्रेंज बेडफेलोज' (भलतेच सोबती) हमखास येतं. स्पर्धा परीक्षा देणारी इंदूरची मराठी मुलं त्यापुढे 'मिलीभगत' लिहून मोकळी होतात. दिवसभर कानावर हिंदी, त्यामुळे मिलीभगत, सांठगांठ हेच आधी सुचतं. पण मिलीभगतीत लपवाछपवी असते, कुणाला तरी फसवायचं असतं. इथे आरोप नाही, नवल आहे: हे दोघे एकत्र आलेच कसे?

म्हणून तो वाक्प्रचार वस्तूंनाही चालतो. पोहे आणि जिलेबी एका प्लेटमध्ये पाहून बाहेरगावचा पाहुणा 'स्ट्रेंज बेडफेलोज' म्हणेल. इंदूरकराला त्यात काहीच नवल वाटणार नाही, हा भाग वेगळा.

दुसरी चूक 'बेड' शब्दाने होते. मराठीत 'शय्यासोबती' लिहिलंत तर भलताच अर्थ निघेल. पूर्वी इंग्लंडच्या सरायांत अनोळखी प्रवासीही एकाच बिछान्यावर झोपत. बेडफेलो म्हणजे तेवढाच. शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट'मध्ये वादळ येताना पाहून विदूषक ट्रिंक्युलो नाइलाजाने कॅलिबन या बेटावरच्या विचित्र प्राण्याच्या अंगरख्याखाली शिरतो आणि म्हणतो, दैना माणसाची गाठ भलत्याच सोबत्यांशी घालून देते. राजकारण या वाक्यात नंतर आलं. मुळात आहे ती अडचण, आणि अर्थ लावताना हीच नेमकी सुटते.

आपल्याच इतिहासात बघा. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबरला त्यांनी वसईला इंग्रजांशी तह केला. ज्या कंपनीशी मराठे १७७५ ते १७८२ लढले, तिच्याच फौजेचा आसरा! पेशवा आणि कंपनी इथे अगदी चपखल 'स्ट्रेंज बेडफेलोज' ठरतात.

लपूनछपून कट असेल तर 'इन कहूट्स विथ' वापरा; शेवटचा 'स' गाळू नका. अधिकारी आणि ठेकेदाराचं साटंलोटं असेल तर 'हँड इन ग्लव्ह विथ'. इथे 'ग्लव्हज' लिहिणारे फार, पण ग्लव्ह एकवचनीच. 'इन बेड विथ'चाही रोख तोच, मात्र त्याला शरीरसंबंधाचा सरळ अर्थ आहे, म्हणून अर्जात किंवा तक्रारीत तो नकोच.

वाक्यात क्रियापद बहुधा 'मेक' असतं: 'दे मेक स्ट्रेंज बेडफेलोज'. 'ही इज अ स्ट्रेंज बेडफेलोज' चूक; एकट्याला अनेकवचन चालत नाही. 'बेडफेलो' हा जोडून लिहायचा एकच शब्द.

मराठीत आणताना 'अभद्र युती' जपून वापरा, त्यात तुमचा निकाल आधीच लागलेला असतो. बरेच पक्ष कसेबसे एकत्र बांधले असतील तर 'आवळ्याची मोट' शोभते. दोघंच असतील तर 'विळ्याभोपळ्याचं सख्य असलेले दोघे एका पंगतीला बसले' असं लिहा.