म्यूझस्कोर अडकतंय? काढून परत टाकण्याआधी हे बघा

शाळेच्या बँडचे मास्तर, युवक महोत्सवासाठी पाश्चात्य समूहगान बसवणारी कॉलेजची पोरं, कधीमधी एखादा लग्नाच्या बँडवाला. यांचे मला येणारे फोन एकाच वाक्यानं सुरू होतात. "सर, म्यूझस्कोर लै हळू चालायलंय." म्यूझस्कोर म्हणजे पाश्चात्य स्वरलिपीत संगीत लिहायचं आणि वाजवून ऐकायचं सॉफ्टवेअर. सप्टेंबर तोंडावर आला की फोन वाढतात, कारण 17 तारखेला मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला बँड उभा करायचा असतो आणि पार्ट, म्हणजे एकेका वाद्याचे वेगळे कागद, अजून छापायचे असतात.

माझा पहिला सवाल ठरलेला: हळू कधी होतंय? फाइल उघडताना, लिहिताना, की वाजवून ऐकताना? याचं उत्तर बघायच्या आधीच बहुतेकांनी सॉफ्टवेअर काढून परत टाकलेलं असतं. त्यानं सहसा काही फरक पडत नाही. विंडोजमध्ये प्रोग्रॅम गेला तरी तुमच्या सेटिंग यूजरच्या फोल्डरमध्ये राहतात आणि नवा प्रोग्रॅम त्याच उचलतो. सेटिंग बिघडल्याचाच संशय असेल तर हेल्प मेनूत ‘रिव्हर्ट टू फॅक्टरी सेटिंग्ज’ आहे. तुम्ही बसवलेले शॉर्टकट जातील, स्कोरच्या, म्हणजे लिहिलेल्या संगीताच्या, फाइलींना धक्का लागणार नाही.

ऐकतानाच अडकत असेल तर दोष बहुतेक आवाजांचा. डिसेंबर 2022 मध्ये चौथी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत म्यूझ साउंड्स हे वाद्यांचे नवे आवाज आले. कानाला फार गोड, पण मेमरी आणि डिस्क दोन्ही खातात. 4 जीबी रॅमच्या शाळेच्या मशीनवर ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम, ड्रम सगळ्यांना ते आवाज लावले की मशीन बसलंच म्हणून समजा. एफ10 दाबून मिक्सर उघडा आणि एकेका वाद्याच्या ‘साउंड’च्या जागी एमएस बेसिक हा साधा, हलका आवाज निवडा. लिहिताना तेवढं पुरतं. मुख्याध्यापकांना ऐकवायच्या दिवशी परत म्यूझ साउंड्स लावा. मशीन फारच जुनं असेल तर 3.6.2 ही आवृत्ती अजून चांगली आहे. फक्त चौथीत केलेली फाइल तिसरीत उघडत नाही. म्युझिकएक्सएमएल (वेगवेगळ्या स्वरलेखन सॉफ्टवेअरना वाचता येणारा फाइलीचा प्रकार) करून न्यावी लागते आणि पानाची मांडणी थोडी विस्कटते.

आवाज तडतडत असेल तर प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओच्या पानावर बफर साइज (आवाज आधी साठवून ठेवायची जागा) वाढवा. तडतड थांबेल, पण की दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा वेळ किंचित वाढेल. आणि "कीबोर्डवर सा दाबला की अर्ध्या सेकंदानं येतो" अशी तक्रार असेल तर आधी कानातलं बघा. ब्लूटूथ असेल तर उशीर तिथेच होतोय, वायरचा हेडफोन लावा.

आता आपल्या भागाचं. परभणीत एप्रिल-मे महिन्यात पारा 44 च्या पुढं जातो, आणि आपली पोरं दुपारी दोन वाजता पत्र्याच्या खोलीत, लॅपटॉप गादीवर ठेवून स्कोर लिहितात. खालची हवेची जाळी बंद झाली की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग उतरवतो. म्यूझस्कोरचा त्यात काहीच दोष नाही. कंट्रोल+शिफ्ट+एस्केप दाबा, टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’वर जा आणि सीपीयूचा ‘स्पीड’ बघा. तिथंच खाली ‘बेस स्पीड’ लिहिलेला असतो. काम जोरात चालू असताना वेग त्याच्या कितीतरी खाली असेल, तर एक उष्णता, नाहीतर बॅटरी वाचवायची सेटिंग. चार्जर लावा, खाली लाकडी पाट घ्या, पंख्यातली धूळ दुकानातून काढून आणा. जमलं तर सकाळी लिहा. त्याच खिडकीत ‘डिस्क’ सारखी 100 टक्क्यांवर दिसली आणि मशीनमध्ये जुनी फिरती हार्डडिस्क असली, तर तिच्या जागी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकण्याइतका उपयोगी खर्च दुसरा नाही. नवीन लॅपटॉपचा विचार त्यानंतर.

एकच फाइल जड, बाकी सगळ्या नीट, असं असेल तर तिला अर्ध्यात तोडा. ‘सेव्ह अ‍ॅज’ करून प्रत काढा आणि प्रतीतली अर्धी वाद्यं काढून टाका. वेग आला? मग घाण काढलेल्या अर्ध्यात होती. नाही आला? उरलेल्यात शोधा. वाद्यांवरून नाही सापडलं तर बारांवर (दोन उभ्या रेघांमधल्या मापांवर) हेच करा. दहा-पंधरा मिनिटांत मूळ हाताला लागतं. ते पुष्कळदा शीर्षकाशेजारी चिकटवलेला शाळेचा लोगो निघतो, मोबाइलनं काढलेला भलामोठा फोटो! म्यूझस्कोरची फाइल, म्हणजे एमएससीझेड (.mscz), ही आतून झिप फाइलच आहे. प्रतीच्या नावातलं ‘.mscz’ हे शेपूट बदलून ‘.zip’ करा आणि ती उघडा, आत ‘पिक्चर्स’ फोल्डर किती वजनाचं आहे ते दिसेल. आणि पार्ट सगळ्यात शेवटी तयार करा. ते मूळ स्कोरला बांधलेले असतात, एक स्वर बदलला की तो बदल त्यांच्यातही जातो.

फाइल उघडताना ‘करप्टेड’ असा निरोप आला तर घाबरून बंद करू नका, वाचा. कुठल्या स्टाफवर (पाच रेघांच्या ओळीवर) कितव्या बारात 4/4 च्या जागी 5/4 भरलंय हे त्यातच लिहिलेलं असतं. नंबर वहीत टिपा, तो बार निवडून डिलीट करा आणि परत लिहा. ऐकलं नाही तर कंट्रोल+डिलीटनं बारच उडवून नवा घाला. अशा फायली बऱ्याचदा पेनड्राइव्हवरून किंवा क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमधून थेट उघडलेल्या असतात. काम मशीनच्या डिस्कवर करा, नंतर कॉपी करा.

लाइट गेली आणि इन्व्हर्टरनं दगा दिला तर स्कोरच्या फोल्डरमध्ये ‘.एमएससीबॅकअप’ नावाचं लपलेलं फोल्डर असतं, त्यात आधीच्या सेव्हची प्रत सापडते. नावाच्या शेवटचं नागमोडी चिन्ह (~) काढलं की ती उघडते. ऑटोसेव्हची मिनिटं प्रेफरन्सेसमध्ये कमी करून ठेवा.

काही गोष्टी बग नसतातच. "सर, क्लॅरिनेटचे सगळे स्वर आपोआप वर सरकले!" सरकले नाहीत बाबा. बी फ्लॅट क्लॅरिनेटसाठी, वाजतं त्यापेक्षा एक पूर्ण स्वर वरच लिहावं लागतं. खाली उजवीकडचं ‘कॉन्सर्ट पिच’ बटण चालू असलं की वाजणारे स्वर दिसतात, बंद केलं की लिहायचे. पार्ट छापताना ते बंद हवं.

दुसरी तशीच गोष्ट गीताच्या ओळींची. पत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्याकडून शब्द आणून चिकटवले की चौकोन आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. ते श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा, युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमधलं टायपिंग असतं. युनिकोडमध्ये टाइप करा, मग स्टाइल विंडोत ‘टेक्स्ट स्टाइल्स’मध्ये जाऊन ‘लिरिक्स’चा फाँट मंगल किंवा निर्मला यूआय करा. शब्द तोडताना जोडाक्षर फोडू नका: भक्ती हा भ-क्ती असा तोडायचा, भक्-ती नाही, नाहीतर पाय मोडलेला क् एका स्वराखाली लटकत राहतो. छापायच्या आधी पीडीएफ एकदा डोळ्याखालून घाला.

एवढं करूनही एखादी गोष्ट दर वेळी त्याच जागी बंद पडत असेल तर तो खरा बग. आधी नवीन आवृत्ती टाकून बघा, पुष्कळ बग तिथंच गेलेले असतात. नाही गेला तर गिटहबवर (प्रोग्रॅम लिहिणारे जिथं काम करतात त्या वेबसाइटवर) कळवा, कारण हे सॉफ्टवेअर मुक्त आहे आणि दुरुस्त करणारे तिथंच वाचतात. आवृत्तीचा नंबर, कोणत्या क्रमानं काय दाबलं ते, आणि शक्य तितकी लहान करून आणलेली फाइल, हे तिन्ही द्या. "चालत नाही" एवढंच लिहिलं तर कुणी काही करू शकत नाही.

पोलिस बँडमधले माझे जुने सोबती अजून फिनाले हे स्वरलिपीचंच दुसरं सॉफ्टवेअर वापरतात. त्याचं पुढचं काम कंपनीनं ऑगस्ट 2024 मध्ये थांबवल्याचं जाहीर केलं, म्हणजे त्यातल्या बगला आता कुणी हात लावणार नाही. पुढच्या विंडोजवर ते उघडेलच असा भरवसा धरू नका. आज उघडतंय तोवर सगळे मार्च, सगळ्या धुना म्युझिकएक्सएमएलमध्ये काढून दोन ठिकाणी ठेवा.