शिंप्याच्या टेपवर मुंबईचे आर्चबिशप: पट्टी कशी आखायची

मी जालन्यात रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. वर्गातल्या बऱ्याच लेकरांचे काका-मामा कामाधंद्यासाठी मुंबईला गेलेले, कुणाचं लग्न तिकडच्या चर्चमध्ये झालेलं, कुणाचं दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार, तो बहुधा बिशप देतात). त्यामुळे मुंबईचे आर्चबिशप, म्हणजे तिथल्या कॅथलिक चर्चचे मुख्य बिशप, कोण कोण होऊन गेले हे त्यांना शिकवावं लागतं. नुसती नावं पाठ करून घेतली तर आठवड्यात विसरतात, म्हणून मी त्यांच्याकडून कागदाची पट्टी करून घेते. यादीत माणसं दिसतात, त्यांच्यामधली रिकामी जागा दिसत नाही. पट्टीवर ती दिसते, आणि मुंबईचा खरा इतिहास त्या रिकाम्या जागांतच आहे.

सामान फार लागत नाही. शिंप्याचा दीडशे सेंटिमीटरचा टेप, तेवढाच लांब ब्राऊन पेपर, दोन रंगांचे स्केचपेन आणि घरची खळ. टेप कागदावर सरळ ताणून दोन्ही टोकांना जड पुस्तकं ठेवा. एक सेंटिमीटर म्हणजे एक वर्ष, आणि शून्य म्हणजे १८८६.

१ सप्टेंबर १८८६ रोजी पोप तेरावे लिओ यांनी भारतात रीतसर धर्मप्रांत (एकेका बिशपांच्या कारभाराखालचे भाग) उभे केले आणि मुंबई महाधर्मप्रांत (आर्चबिशपांचा प्रांत) झाली, म्हणून सुरुवात तिथून. त्याआधी मुंबईला व्हिकर अपोस्टोलिक असत, म्हणजे रोमने थेट नेमलेले बिशप. ती मांडणी खूप मागे जाते: गोव्याजवळच्या दिवाडी बेटावरचे मातेउश द कास्त्रो १६३७ मध्ये रोमला बिशप झाले आणि आदिलशाही मुलखासाठी नेमले गेले. आपल्या दख्खनशी जोडलेलं हे नाव वर्गात आवर्जून सांगा. पुढे १७२० मध्ये कार्मेलाइट मुंबईत आले, १८५० च्या दशकात स्विस कॅपुचिन हार्टमन होते, मग जेझुइट स्टाइन्स आणि मरिन (कार्मेलाइट, कॅपुचिन, जेझुइट हे कॅथलिक धर्मगुरूंचे वेगवेगळे संघ). ही नावं शून्याच्या डावीकडे वेगळी चिठ्ठी चिकटवून लिहा. मुख्य पट्टीत मिसळू नका, नाहीतर लेकरं हार्टमनना आर्चबिशप म्हणायला लागतात.

आता नावं भरा. जॉर्ज पोर्टर ० ते ३. थिओडोर डालहॉफ ५ ते २०. हर्मन युर्गन्स २१ ते ३०. अल्बन गुडियर ३३ ते ४०. जोआकिम लिमा ४२ ते ५०. थॉमस रॉबर्ट्स ५१ ते ६४. इथवर सगळे जेझुइट आणि सगळे युरोपीय, त्यांना एक रंग द्या. व्हॅलेरियन ग्रेशस ६४ ते ९२, सायमन पिमेंटा ९२ ते ११०, आयव्हन डायस ११० ते १२०, ऑस्वाल्ड ग्रेशस १२० ते १३९. हे चौघे भारतीय आणि चौघेही कार्डिनल (पोप निवडणाऱ्या मंडळातलं मानाचं पद) झाले, त्यांना दुसरा रंग. १३९ वर जॉन रॉड्रिग्ज सुरू होतात. ग्रेशस दोन आहेत, म्हणून पहिलं नाव लिहिल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका.

कागद भिंतीवर धरून थोडं मागे सरका. डाव्या अर्ध्यात रंगाच्या मधेमधे कोरा कागद दिसतो. ३ ते ५ ची फट साधी आहे: पोर्टर १८८९ मध्ये वारले आणि डालहॉफ १८९१ मध्ये आले. पण ३० ते ३३ वर थांबा. युर्गन्स जर्मन होते, ते १९१६ मध्ये वारले. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि ब्रिटिश सरकारने मुंबईतल्या जर्मन जेझुइटांना स्थानबद्ध करून मायदेशी पाठवायला सुरुवात केली होती. शाळा, कॉलेजं, चर्चं ज्यांनी चालवली तेच निघून गेले. डिसेंबर १९१९ मध्ये इंग्रज गुडियर यांची नेमणूक झाली, आणि जर्मनांच्या जागी पुढे स्पेनचे जेझुइट आले. तीन सेंटिमीटर कोऱ्या कागदात एवढं सगळं आहे, म्हणून त्या फटीत ‘युद्ध’ असं मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

४० ते ४२ ची फट त्याहून महत्त्वाची. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडे बिशप सुचवण्याचा जुना हक्क होता, त्याला पाद्रोआदो म्हणतात. त्यामुळे एकाच मुंबईत काही चर्चं रोमने नेमलेल्या आर्चबिशपांकडे, तर काही पोर्तुगीज बाजूच्या दमणच्या बिशपांकडे होती. शेजारशेजारच्या दोन चर्चांचे बिशप वेगळे! गुडियर १९२६ मध्ये बाजूला झाले आणि १९२८ मध्ये रोम व पोर्तुगाल यांच्यात करार झाला. दमणचा धर्मप्रांत संपला, आणि मुंबईला आळीपाळीने एक पोर्तुगीज व एक इंग्रज आर्चबिशप द्यायचं ठरलं. लिमा पोर्तुगीज, त्यांच्यानंतर रॉबर्ट्स इंग्रज, ते त्या करारामुळेच.

मग रॉबर्ट्स. मला या पट्टीत सगळ्यात जास्त आदर वाटतो तो त्यांचा. कराराप्रमाणे त्यांच्यानंतर पुन्हा पोर्तुगीज यायचा होता. देश स्वतंत्र होण्याच्या उंबरठ्यावर असताना हे बरोबर नाही, हे त्यांनी ओळखलं. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस सहायक बिशप झाले, कारभार त्यांच्या हाती देऊन रॉबर्ट्स मुंबईतून निघून गेले. पद मात्र त्यांच्याकडेच राहिलं. १९५० मध्ये पोर्तुगालने हक्क सोडला, रॉबर्ट्स यांनी राजीनामा दिला आणि ग्रेशस आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये तेच भारताचे पहिले कार्डिनल. म्हणून ६० ते ६४ हा तुकडा रॉबर्ट्स यांच्या रंगातच ठेवा, पण वर ग्रेशस यांच्या रंगाच्या तिरप्या रेघा मारा. खुर्ची एकाची आणि काम दुसऱ्याचं, हे लेकरांना त्या रेघांवरून लगेच कळतं.

६४ नंतर फट नाही. पिमेंटा आधीच को-अ‍ॅडज्युटर, म्हणजे वारसाहक्कासह नेमलेले, होते. सप्टेंबर १९७८ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस वारले त्याच क्षणी पद त्यांच्याकडे आलं. जॉन रॉड्रिग्ज यांचंही तसंच: ३० नोव्हेंबर २०२४ ला को-अ‍ॅडज्युटर, २५ जानेवारी २०२५ पासून आर्चबिशप. यावरून एक नियम आधीच ठरवून टाका. नेमणूक, अभिषेक आणि पदग्रहण अशा तीन तारखा असू शकतात, वेगवेगळ्या याद्या वेगवेगळी धरतात. पट्टीभर एकच धरा. मी पद हाती आलं ते वर्ष धरते.

पट्टी झाली की घरची कागदपत्रं आणायला सांगा. बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदीत बहुधा फादरांचं नाव असतं, बिशपांचं नसतं. बिशपांचं नाव हवं तर दृढीकरणाची नोंद बघायची. तिथलं नाव पट्टीवर सापडलं नाही तर ते सहायक बिशपांचं असू शकतं, लगेच चूक समजू नका. पूर्वजांची नोंद वांद्र्याची आणि १९२८ च्या आधीची असेल तर चर्च कोणतं ते विचारा. सेंट अँड्र्यू पाद्रोआदोकडे होतं, सेंट पीटर जेझुइटांकडे, म्हणजे रोमच्या बाजूला.

आणि मुख्य पट्टीच्या खाली दुसरी, अरुंद पट्टी आपली लावा. मराठवाडा मुंबईच्या आर्चबिशपांखाली येत नाही, हे मोठ्या माणसांनाही ठाऊक नसतं. राज्य निजामाचं असलं तरी औरंगाबाद भागातलं मिशन नागपूरकडून आलं, अ‍ॅनसीच्या सेंट फ्रान्सिस द सेल्स संघाच्या मिशनऱ्यांकडून. शहरातल्या कॅथेड्रलला त्याच संताचं नाव आहे. टेपच्या १ वर नागपूर धर्मप्रांत (१८८७), ६७ ला नागपूर महाधर्मप्रांत (१९५३), ६९ ला अमरावती वेगळी (१९५५), ९१ ला औरंगाबाद वेगळा (१७ डिसेंबर १९७७). नागपूरचे आर्चबिशप ६७ पासून पुढे: युजीन डिसूझा, लिओनार्ड रेमंड, लिओबार्ड डिसूझा, अब्राहम विरुथकुलंगारा आणि आता एलियास गोन्साल्विस. औरंगाबादचे बिशप त्याखाली लिहा. ती नावं गावातल्या जुन्या माणसांकडून आणि चर्चच्या कोनशिलांवरून लेकरांनीच गोळा करून आणावीत, वर्षासकट.

चिकटवण्याआधी सगळं पेन्सिलने लिहा. नावं बरोबर आहेत याची फादरांकडून खात्री झाली की मगच स्केचपेन फिरवा. आणि १३९ नंतर उरलेला अकरा सेंटिमीटर कागद कापून टाकू नका, तो पुढच्या वर्षांसाठी लागेल.