आठ-दहा जण जमलात? मग ‘माफिया’ खेळा

घरात आठ-दहा मित्रमैत्रिणी जमल्या आणि दमशेराजचा कंटाळा आला, तर ‘माफिया’ खेळा. १९८० च्या दशकात मॉस्कोत मानसशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने तयार केलेला हा खेळ. लागतात फक्त चिठ्ठ्या. एक जण सूत्रधार. बाकीच्यांनी गुपचूप चिठ्ठ्या उचलायच्या: त्यांत दोन माफिया, एक डॉक्टर, एक डिटेक्टिव्ह आणि उरलेले साधे गावकरी.

‘रात्री’ सगळे डोळे मिटतात. मग सूत्रधार बोलावेल तसे डोळे उघडून माफिया खुणेने एकाचा बळी ठरवतात, डॉक्टर एकाला वाचवतो, डिटेक्टिव्ह सूत्रधाराला एकाची ओळख विचारतो. ‘दिवसा’ भरपूर वाद घालून, मतदानाने एकाला बाहेर काढायचं. दोन्ही माफिया पकडले की गाव जिंकलं. माफिया आणि बाकीचे समसमान उरले की माफिया.

रात्री सगळ्यांनी मांड्यांवर हलकेच ताल धरावा, नाहीतर शेजारच्याची हालचाल ऐकूनच माफिया सापडतो! आणि पहिल्या रात्री कुणालाच मारू नका. एक शब्दही न बोलता बाद झालेला मुलगा मग कोपऱ्यात मोबाइल काढून बसतो. पुढे बाद होतील त्यांनी डोळे उघडे ठेवून गंमत बघावी, पण तोंड बंद. लाजऱ्या मुलांना हा खेळ विशेष जमतो. त्यांच्यावर संशयच येत नाही.