अलिबागला जायचंय? पहिले तिथी बघा, मग तिकीट काढा

इंदूरहून समुद्रावर जायचं म्हटलं की आपल्याकडे पहिले सुट्टी बघतात, शनिवार-रविवारला जोडून एखादा सोमवार मिळाला की लगेच अवंतिका एक्सप्रेसची तिकिटं आणि हॉटेल बुक. दोन वर्षांपूर्वी मीपण हेच केलं, आई, आत्या, दोन्ही पोरं घेऊन अलिबागला पोचलो तर त्या दिवशी निघाली अष्टमी, आणि ओहोटीला चालत जाता येतं त्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याच्या वाटेवर ओहोटीलाही गुडघ्याच्या वर पाणी. आई किनाऱ्यावरच बसली, किल्ल्यातल्या गणपतीला लांबूनच हात जोडले तिने. मला फार वाईट वाटलं, कारण घरी भिंतीवर कॅलेंडर होतं, उपासासाठी आपण ते रोज बघतो, समुद्रासाठी बघायचं कुणी सांगितलंच नव्हतं.

तर हिशोब असा आहे, तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी म्हणजे 4 ची पाऊणपट 3, म्हणजे पहाटे 3 आणि दुपारी 3 ला भरती, आणि त्याच्या सहा तास मागेपुढे म्हणजे सकाळी 9 आणि रात्री 9 ला ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून आदल्या रात्री मोबाईलवर त्या दिवसाची पक्की वेळ बघून घ्यायचीच.

पण नुसती वेळ पुरत नाही. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तितकंच लांब मागेही जातं. अष्टमी-नवमीला भांगाची भरती, तेव्हा चढतं कमी आणि उतरतंही कमी, आमचं चुकलं ते इथेच. आता पौर्णिमेलाच जावं म्हणाल तर ओहोटी येते सकाळी-संध्याकाळी 6 च्या सुमारास, पोरं-म्हातारी माणसं घेऊन ते जमत नाही. म्हणून तृतीया ते पंचमी हे दिवस धरा, सकाळी 8 ते 10 च्या मध्ये ओहोटी, उन्हं तापायच्या आधी जाऊन परत येता येतं.

मागच्या वर्षी आम्ही मुद्दाम संकष्टी धरून गेलो. सकाळी साडेआठला निघालो, आईने साडी घोट्याच्या वर खोचली, माझा हात धरून चालत गेली. ओली वाळू कडक असते, चालायला त्रास नाही, पण मधे शेवाळलेले दगड आहेत, त्यामुळे मागे पट्टा असलेली सँडल घाला, साधी चप्पल चिखलात अडकून निघते. चालवत नसेल तर घोडागाडी मिळते. किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये सुरू केलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं होतं. तटाचे दगड जवळून बघा, मधे चुना नाहीये, नुसते एकावर एक रचलेत, लाट फटींमधून आत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. गणपतीचं देऊळ 1759 चं, राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं. आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर! आईने ओंजळीत घेऊन चव बघितली आणि बराच वेळ तिथून हललीच नाही.

ओहोटीच्या दीड तास आधी निघा आणि ओहोटीनंतर तासाभरात बाहेर या. घोडागाडीवाले "आता निघा" म्हणाले की फोटो राहिले तरी निघायचं, पाणी फिरलं की वाट फार पटकन बुडते.

पोहायचं तर पाणी चढत असताना, ओहोटी लागल्यावर अजिबात नाही, ते आत ओढतं. आपली पोरं स्विमिंग पूलमध्ये शिकलेली, त्यांना हे माहीत नसतं, हात धरून सांगा. पावसाळ्यात पाण्यात उतरायचंच नाही. आणि गाडी वाळूवर नेऊ नका, जवळच्या नागावच्या किनाऱ्यावर भरतीत अर्धी बुडालेली कार मी स्वतः बघितलीये, ट्रॅक्टर येईपर्यंत इंजिनात पाणी गेलं होतं.

जायचं कसं ते सोपं आहे. अवंतिका पहाटे मुंबई सेंट्रलला सोडते, तिथून टॅक्सीने गेटवे, लाँचने तासाभरात मांडवा, पुढे अलिबाग साधारण 20 किलोमीटर. पावसाळ्यात गेटवेच्या लाँची बंद असतात. स्वतःच्या गाडीने सेंधवा-धुळे-नाशिक करत गेलात तर पूर्ण दिवस जातो, मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून रो-रोमध्ये, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीत, गाडी चढवून मांडव्याला उतरता येतं.

राहायला अलिबाग गावापेक्षा वरसोली किंवा नागावची घरगुती सोय मला जास्त आवडली, अंगणात नारळ-सुपारी आणि जेवण घरचं. मासे खाणाऱ्यांनी जून-जुलै टाळा, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. न खाणाऱ्यांनी वालाचं बिरडं आणि सोलकढी आधीच सांगून ठेवायची, आणि थंडीत गेलात तर पोपटी, मडक्यात वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात भाजतात, आपल्या इंदूरच्या सराफ्यात असलं काही मिळत नाही.

परतीची गाडी संध्याकाळची, म्हणून मांडव्याहून दुपारीच निघा. उन्हाळ्याच्या तोंडाला गेलात तर पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्यावरच मिळतात, दोन घ्या, आणि गाडीत बर्थखाली कोंबू नका, दबतात, वरच्या हुकाला अडकवा.