सायकसचं बी कुजत होतं, रुजत नव्हतं: शेवटी काय लागू पडलं

सायकस रिव्होल्युटा या ताडासारख्या दिसणाऱ्या शोभेच्या झाडाचं शेंदरी बी पेरलं की महिनोन्‌महिने हालचाल नाही. उकरून पाहावं तर आत आंबूस लगदा. शेणखताची माती, खोल पुरणं, रोजचं पाणी, सगळं वाया गेलं. अक्षरशः रडकुंडीला आले होते.

मूळ कारण असं: बी गळतं तेव्हा आतला गर्भ अपुरा असतो, आणि वरची शेंदरी साल रुजवण अडवते.

म्हणून बी तीन-चार दिवस भिजवलं, पाणी रोज बदललं. मग हातमोजे घालून (बियांत सायकॅसिन हे विष असतं, कुत्र्यांपासून जपाच) पिवळसर गुळगुळीत कवच लागेपर्यंत साल खरवडली. सोललेलं बी पाण्यात टाकून तरंगणारं काढून टाकलं. ते बहुधा पोकळ निघतं. उरलेलं सावलीत वाळवून कागदी पिशवीत तीन-चार महिने ठेवलं. ही थांबणूकच खरी किल्ली. पुन्हा दिवसभर भिजवलं. जाड वाळू आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) निम्मं-निम्मं घेऊन त्यात बी आडवं, अर्धं बाहेर राहील असं टेकवलं. २५ ते ३० अंशांची ऊब ठेवली. वाळू फक्त दमट.

आधी कवच तडकून जाड पांढरं मूळ खाली वळतं, पान बरंच नंतर. रोपाला चिकटलेलं बी ओढून काढू नका, अन्न त्यातूनच मिळतं.